लॅपटॉप तुमच्या मुलीच्या बाजूने बोलतोय

प्रश्न : सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, शाळांच्या गणवेशांचं शिवणकाम घेतो. मुलगी यंदा बारावी कॉमर्स झाली, ८१ टक्के. तिच्या डोक्यात सीए आहे. माझं म्हणणं, बीसीए करून पुण्याला आयटीत लागावं. मेव्हण्याचा मुलगा हिंजवडीत आहे, पगार चांगला आहे. दुकानदार क्रोमबुक नावाचा हलका लॅपटॉप दाखवतोय. सगळं क्लाउडवर चालतं, स्वस्त पडतो, पुढे लागलं तर विंडोज टाकून देतो म्हणतो. लॅपटॉप हातात आला की तिचं मन कॉम्प्युटरकडे वळेल. माझ्याच जीमेलवर चालू करेन, म्हणजे लक्ष राहील. तिला विचारलं तर गप्प बसते, म्हणजे विरोध नाही. घ्यावा का?
– एक पालक, सोलापूर

उत्तर : नमस्कार. लॅपटॉपचं नंतर बघू. आधी ‘गप्प बसते, म्हणजे विरोध नाही’ या वाक्याबद्दल बोलायला हवं.

सीए तिच्या डोक्यात आहे हे तुम्हाला कुठून कळलं? तिनेच सांगितलं असणार. म्हणजे ती एकदा बोलून झाली आहे. तुम्ही मोडता घातलात, म्हणून आता बोलत नाही. त्या गप्प बसण्याला तुम्ही होकार धरताय आणि वर वीस-पंचवीस हजारांचं आमिष दाखवायला निघालाय. तुमच्या पत्रात मेव्हण्याच्या मुलाचा पगार आहे, दुकानदाराचं मत आहे. मुलीला अकाउंट्समध्ये किती गुण पडले, तिला सीएच का व्हायचंय, यावर एक ओळ नाही. अठराच्या उंबरठ्यावरची मुलगी वस्तू बघून मन वळवेल असं वाटत असेल, तर तुम्ही तिला फार लहान समजताय. आणि समजा वळलंच, तर तीन वर्षांनी नावडत्या विषयाची पदवी घेऊन पुण्यात कॉट बेसिसवर राहून मुलाखती देत फिरण्याचं काम तिलाच करावं लागेल, मेव्हण्यांना नाही.

जीमेलचा बेत तर अजिबात नको. क्रोमबुकवर पहिल्यांदा ज्या खात्याने साइन इन होतं, ते खातं त्या मशीनचं मालक ठरतं. त्यावर लिहिलेलं बहुतेक सगळं त्याच खात्याच्या ड्राइव्हमध्ये जाऊन बसतं. म्हणजे तिच्या नोट्स, तिचे अर्ज तुमच्या नावावर, आणि तुमच्या गिऱ्हाइकांची बिलं तिच्यासमोर. अशा पाळतीने अभ्यास वाढत नाही, लपवाछपवी वाढते. पहिलं साइन इन तिच्या खात्याने होऊ द्या आणि पासवर्ड मागू नका.

आता ‘पुढे विंडोज टाकून देतो’. हा गैरसमज बराच पसरलाय, कारण क्रोमबुक दिसायला इतर लॅपटॉपसारखंच असतं. पण ते विंडोजचं स्वस्त भावंड नाही. त्यावर विंडोजच्या जागी गूगलची क्रोमओएस ही वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम असते, काम मुख्यतः ब्राउझरमध्ये चालतं, अँड्रॉइडची बरीच ॲप्सही चालतात. बरीच स्वस्त मशीन्स ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवणीची असतात, कारण जड काम दूरच्या सर्व्हरवर होईल असं धरलेलं असतं. गूगलच्या बाजूने त्यावर विंडोज चढवायची सोय नाही. कुणी खटपट करून चढवलंच, तर कधी आवाज येत नाही, कधी टचपॅड अडतं, आणि तक्रार घेऊन गेलात की दुकानदार हात वर करतो. यंत्रमागाचे भाग हातमागावर बसवू बघण्यासारखं आहे ते, हे विणकरांच्या पूर्व भागात राहणाऱ्याला मी वेगळं काय सांगणार! एक मात्र खरं नाही, की नेट गेलं की ते बंदच पडतं. डॉक्स, शीट्स आधी ऑफलाइन करून ठेवली तर लिहिणं चालू राहतं, डाउनलोड केलेल्या पीडीएफ उघडतात. ऑनलाइन क्लास मात्र नेटशिवाय नाही.

गंमत पुढे आहे. तुम्ही ज्यासाठी हे मशीन घेताय, त्या बीसीएला ते तोकडं पडेल. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेचे सुरुवातीचे धडे होतील, बऱ्याच मॉडेलवर लिनक्सही चालू करता येतं. पण मोबाइल ॲप बनवायची वेळ आली की ४ जीबीवर त्यासाठीचं अँड्रॉइड स्टुडिओ उघडताना चहा पिऊन याल. उलट तुम्हाला जे नको आहे, त्या सीएच्या पहिल्या टप्प्याला ते छान पुरतं. फाउंडेशनचे चार पेपर. अकाउंटिंग आणि कायदा हाताने लिहायचे, उरलेले दोन वस्तुनिष्ठ. त्या अभ्यासाला काय लागतं? ऑनलाइन लेक्चर, पीडीएफ, सराव प्रश्नपत्रिका, थोडं शीट्स. मोबाइलच्या टीचभर पडद्यावर लेजर वाचण्यापेक्षा हे कितीतरी बरं, आणि पिशवीत ओझंही होत नाही. पुढे हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली लागेल, ती त्यावर बसत नाही. एक्सेल ब्राउझरमध्ये उघडतं, पण मॅक्रो, म्हणजे तेच काम आपोआप करणाऱ्या आज्ञा, चालत नाहीत. ती वेळ आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीएच्या फर्ममधल्या उमेदवारीच्या, सुमारास येते, तेव्हा फर्ममध्ये काय वापरतात ते बघून विंडोज लॅपटॉप घेता येईल.

बीसीएसाठी राज्याची सीईटी असते, सीईटी सेलच्या संकेतस्थळावर तारखा बघा. सीएसाठी परीक्षा घेणाऱ्या आयसीएआय या संस्थेकडे नोंदणी करायची, सोबत पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाचं बीकॉम चालू ठेवायचं. सीए सोपं नाही, नापास होणारे खूप असतात, ही तुमची मनातली भीती असेल तर ती रास्त आहे. ती तिच्याशी मोकळेपणाने बोला. किती प्रयत्न द्यायचे, नाही जमलं तर बीकॉमनंतर काय, हे दोघांनी बसून ठरवा. पण सीएला सोलापुरात काम कुठलं, असं म्हणणार असाल तर आधी एक सांगा, तुमचं जीएसटीचं रिटर्न कोण भरतं? चादर, टॉवेल, गणवेश, सगळ्या कारखान्यांच्या वह्या कुणीतरी तपासतच असतं ना?

क्रोमबुक घ्यायचंच ठरलं, तर किमतीआधी अपडेटची मुदत विचारा. २०२१ पासूनच्या मॉडेलांना १० वर्षं अपडेट मिळतात, पण ती वर्षं तो प्लॅटफॉर्म बाजारात आल्यापासून मोजली जातात, तुमच्या बिलाच्या तारखेपासून नाही. जुना साठा काढायला सूट देतात, तिथे सावध राहा. जमलं तर ८ जीबीचं बघा.

पण दुकानात या आठवड्यात जाऊ नका. तिला मला लिहायला सांगा, तिच्या मेलवरून, तुम्ही न वाचता. तिला खरंच बीसीए करायचं असेल तर मी तसं कळवीन, आणि मग क्रोमबुक सोडून साधा ८ जीबीचा विंडोज लॅपटॉप घ्या.