टाऊमधला आर नेमका कुठला धरायचा?

मागून येणाऱ्यांना वर शोधत बसावं लागू नये म्हणून तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. ऐरोलीचा मुलगा, डिप्लोमा दुसरं वर्ष. १२ व्होल्टचा अडॅप्टर, १ मेगाओहमचा रेझिस्टर, १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आणि त्यावर सुरुवातीपासून लावून ठेवलेला मल्टिमीटर. आर (रेझिस्टन्स) गुणिले सी (कॅपॅसिटन्स) म्हणजे टाऊ, कॅपॅसिटर ६३ टक्के भरायला लागणारा वेळ, इथे १० सेकंद. म्हणून दहाव्या सेकंदाला १२ चे ६३ टक्के, म्हणजे ७.६ व्होल्ट यायला हवेत, आले ७.३. मिनिटभर थांबूनही आकडा १०.९ च्या वर जात नाही. शिवाय सोसायटीच्या टाकीसाठी केलेल्या लेव्हल कंट्रोलरमध्ये रिले (कॉइलने चालणारा स्विच) चालवणारे ट्रान्झिस्टर उडतात, डायोड लावला तर रिले उशिरा सुटेल असं कोणीतरी सांगितलंय, आणि आता अडॅप्टर उघडून आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर हाच प्रयोग करायची इच्छा आहे.

वर एकाने मीटर बदलायला सांगितलंय. बदलू नकोस, मीटर अगदी बरोबर दाखवतोय. डीसी व्होल्टच्या रेंजवर बहुतेक डिजिटल मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स १० मेगाओहम असतो (अगदी स्वस्तातल्या काहींचा १ मेगाओहमच). कॅपॅसिटर भरला की त्यातून करंट जाणं थांबतं, पण मीटरमधून जातच राहतो. म्हणजे तुझा १ मेगाओहम आणि मीटरचे १० मेगाओहम मिळून व्होल्टेज डिव्हायडर झाला, १२ व्होल्ट दोघांत वाटले गेले. १२ गुणिले १० भागिले ११ करून बघ, १०.९ येतात. इतका नेमका आकडा जुळतोय म्हटल्यावर कॅपॅसिटरच्या लीकेजवर (भरल्यावरही आतून झिरपणाऱ्या करंटवर) संशय घ्यायचं कारण नाही. लीकेज असतं, तर आकडा याहूनही खाली राहिला असता.

इथपर्यंत बरेच जण येतात. पुढची गोष्ट सुटते ती अशी की मीटरमुळे टाऊही बदललाय. कॅपॅसिटरच्या दोन पायांवर उभं राहून मागे पाहिलं, तर अडॅप्टरच्या वाटेने १ मेगाओहम दिसतो आणि मीटरच्या वाटेने १० मेगाओहम. दोन्ही समांतर, म्हणजे ०.९१ मेगाओहम. तेव्हा टाऊ ९.१ सेकंद. आता दहाव्या सेकंदाचं गणित मांड: १० सेकंद म्हणजे १.१ टाऊ, तेव्हा अजून ३३ टक्के भरायचं बाकी असतं. १०.९ मधून त्याचा ३३ टक्के भाग वजा केला की ७.३. तुझं रीडिंग हेच.

शेवटी एक व्होल्टाहून जास्त फरक आणि दहाव्या सेकंदाला जेमतेम ०.३, असं का? कारण कॅपॅसिटर रिकामा असताना त्यावर शून्य व्होल्ट असतात, मग मीटरमधूनही काही जात नाही. सुरुवातीचा चढ मीटर असो वा नसो, सेकंदाला १.२ व्होल्टच. जसजसा व्होल्टेज वाढतो तसतसा मीटर आपला वाटा खायला लागतो. म्हणून नुसत्या एका टाऊपाशी रीडिंग घेऊन जर्नल पूर्ण करणाऱ्यांना ही चूक कधी दिसतच नाही. तू मिनिटभर थांबलास हे चांगलं केलंस.

खात्री करायची असेल तर मीटरची एक पिन काढून ठेव, सर्किट मिनिटभर तसंच चालू दे आणि मग पिन टेकव. पहिला आकडा ११.९ च्या आसपास दिसेल आणि तुझ्या डोळ्यांदेखत तो १०.९ कडे घसरायला लागेल. कायमचा उपाय मात्र वेगळा: १० किलोओहम आणि १००० मायक्रोफॅरड घे. टाऊ तोच १० सेकंद, पण मीटरचा परिणाम हजारात एक. इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर वर्षानुवर्षं डब्यात पडून असेल, तर आधी काही मिनिटं १२ व्होल्टवर ठेव, लीकेज उतरतं. त्यावर लिहिलेल्या किमतीत २० टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणून रीडिंग गणिताशी पॉइंटनंतरच्या दोन अंकांपर्यंत जुळवायच्या भानगडीत पडू नकोस. आणि कॉलेजात जुना काट्याचा मीटर असेल, व्होल्टला २० किलोओहमवाला, तर ५० व्होल्टच्या रेंजवर तो स्वतःच १ मेगाओहम होतो. त्यावर तुझा कॅपॅसिटर ६ व्होल्टवर अडेल आणि टाऊ ५ सेकंदांवर येईल. करून बघ, मजा येते.

पुस्तकात चार्जिंगचं सूत्र वेगळं, डिस्चार्जिंगचं वेगळं, मग आर-एलची (रेझिस्टर आणि कॉइलची) आणखी दोन, अशी पाठांतराची रांग लावलेली असते. मला ते कधीच पटलं नाही. रेझिस्टर कितीही असोत, पण कॅपॅसिटर किंवा कॉइल एकच असलेल्या, डीसीवर चालणाऱ्या कुठल्याही सर्किटला एकच ओळ पुरते:

आत्ताचं मूल्य = शेवटचं + (सुरुवातीचं − शेवटचं) × ई^(−वेळ ÷ टाऊ)

ई म्हणजे २.७१८. सुरुवात शोधताना एवढंच धरायचं की कॅपॅसिटरचा व्होल्टेज आणि कॉइलचा करंट एका क्षणात उडी मारत नाहीत. स्विच दाबायच्या आधी जे होतं तेच दाबल्यावर लगेच असतं. शेवट शोधताना कॅपॅसिटर तुटलेली वायर समजायचा आणि कॉइल सरळ जोडलेली वायर. आणि टाऊ काढताना आर तो घ्यायचा जो कॅपॅसिटरला किंवा कॉइलला त्या वेळी दिसतो, सर्किट डायग्राममध्ये शेजारी काढलेला नव्हे. ५५५ टायमरमध्ये, म्हणजे १९७२ पासून बाजारात असलेल्या त्या आठ पायांच्या आयसीमध्ये, हेच होतं. कॅपॅसिटर भरताना दोन्ही रेझिस्टरमधून भरतो, रिकामा होताना एकातूनच, म्हणून साध्या जोडणीत ऑन आणि ऑफची वेळ कधीच सारखी येत नाही.

आता रिले. इथे टाऊ म्हणजे एल (कॉइलचा इंडक्टन्स) भागिले आर. तुझा १२ व्होल्टचा रिले, कॉइल ४०० ओहम, म्हणजे करंट ३० मिलिअँपिअर. इंडक्टन्स गणितापुरता अर्धा हेन्री धरू. चालू करताना टाऊ सव्वा मिलिसेकंद, काही तक्रार नाही. (कधी ऑसिलोस्कोपवर कॉइलचा करंट पाहायला मिळाला तर बघ: वर चढता चढता मध्येच एक खळगा पडतो. तिथे आर्मेचर, म्हणजे कॉइल ओढते तो लोखंडी तुकडा, हललेला असतो. पुस्तकातली गुळगुळीत रेघ खऱ्या रिलेत मिळत नाही, कारण आर्मेचर चिकटला की इंडक्टन्सच बदलतो.)

बंद करताना काय होतं? ट्रान्झिस्टर बंद झाला, म्हणजे कॉइलच्या वाटेत अचानक मेगाओहम आले. करंट उडी मारू शकत नाही, तेव्हा त्या क्षणी तो ३० मिलिअँपिअरच असणार. ३० मिलिअँपिअर गुणिले १ मेगाओहम, कागदावर ३०,००० व्होल्ट! प्रत्यक्षात तिथवर जायची वेळ येत नाही; तुझ्या बीसी ५४७ ट्रान्झिस्टरची मर्यादा ४५ व्होल्ट, तो त्याच्या कितीतरी आधी मान टाकतो. जास्त व्होल्टेजचा ट्रान्झिस्टर लावणं हा यावरचा उपाय नाही. कॉइलवर उलटा डायोड टाक, १ एन ४००७ चालेल. पट्टीची बाजू प्लसकडे. मग करंटला फिरायला वाट मिळते, कॉइलला फक्त स्वतःचे ४०० ओहम दिसतात आणि कलेक्टर (ट्रान्झिस्टरचा कॉइलला जोडलेला पाय) १२.७ व्होल्टच्या वर जात नाही.

उशिराचं म्हणशील तर ज्याने सांगितलं त्याने खरं सांगितलं. आर लहान म्हणून टाऊ मोठा, करंट निवांत उतरतो, रिले काही मिलिसेकंद उशिरा सुटतो. पण टाकीच्या पंपाला काही मिलिसेकंदांनी काय फरक पडणार? नुसता डायोड लाव आणि विसरून जा.

माझं काम वागळे इस्टेटमध्ये पॅनेल आणि कंट्रोल कार्डं दुरुस्त करण्याचं, तिथे हा फरक कधीकधी बोचतो. रबाळ्याच्या एका पॅकेजिंगवाल्याकडे लेबल लावायच्या मशीनचा क्लच उशिरा सुटायचा. पट्टा मिनिटाला ३० मीटर, म्हणजे मिलिसेकंदाला अर्धा मिलिमीटर. दहा मिलिसेकंद उशीर झाला की लेबल ५ मिलिमीटर पुढे. अशा वेळी डायोडच्या सिरीजमध्ये रेझिस्टर घालतात. तुझ्या रिलेवर ४०० ओहम घातले तर कॉइलला ८०० दिसतील, टाऊ निम्मा होईल. बदल्यात ३० मिलिअँपिअर गुणिले ४०० म्हणजे १२ व्होल्ट जास्तीचे, कलेक्टरवर २५ च्या आसपास, अजून ४५ च्या आत. रेझिस्टरऐवजी डायोडच्या उलट्या तोंडाने २४ व्होल्टचा झेनर (ठराविक व्होल्टेजला उलट दिशेनेही करंट सोडणारा डायोड) घातला तर करंट आणखी झपाट्याने उतरतो आणि कलेक्टर ३७ पर्यंत जातो. त्याहून फार मोठा झेनर मात्र बीसी ५४७ ला झेपायचा नाही.

राहिला अडॅप्टर. उघडू नकोस. आतल्या कॅपॅसिटरवर २३० व्होल्टचं पीक म्हणजे ३२५ व्होल्ट डीसी असतं आणि चालू असताना ती बाजू थेट मेन्सशी जोडलेली असते. प्लग काढल्यावरही लगेच सुरक्षित नाही. समज २२ मायक्रोफॅरडवर १ मेगाओहमचा ब्लीडर (कॅपॅसिटर रिकामा करायला लावलेला रेझिस्टर) आहे, तर टाऊ २२ सेकंद आणि ३२५ वरून ५० व्होल्टवर यायला ४० सेकंदांहून जास्त. ब्लीडर नसेलच तर कॅपॅसिटर कितीतरी वेळ भरलेला बसून राहतो. दुरुस्तीसाठी कधी उघडावाच लागला तर आधी प्लग काढ, स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायचा शहाणपणा करू नकोस, १० किलोओहम ५ वॅटचा वायरवाऊंड रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने लाव. टाऊ ०.२२ सेकंद, म्हणजे सव्वा सेकंदात काम झालं. तरी सावकाश दहापर्यंत मोज आणि हात लावायच्या आधी मीटरने बघ. इथे तुझ्या मीटरचे १० मेगाओहम काहीच बिघडवणार नाहीत.