लग्नानंतर लातूरहून अमेरिकेला आले, पगार थोडाच होता. भारतात रिटर्न भरावं लागेल का?

तुम्ही दिलेली माहिती आधी एका जागी मांडतो. लातूरची महिना चाळीस हजार पगाराची नोकरी ३१ जुलै २०२५ला सोडली. १० ऑगस्टला एच-४ व्हिसावर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, नवऱ्याकडे गेलात, तो काही वर्षांपासून एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर तिथे आहे. बँकेत एफडी आहे, औसा तालुक्यात थोडी जमीन तुमच्या नावावर आहे. आणि "एनआरआय झालीस, पगारही चार लाखांच्या आत, मग रिटर्न कशाला?" असं घरच्यांनी सांगितलंय. यात दोन चुका आहेत.

पहिली चूक एनआरआय शब्दाची. १ एप्रिल ते १० ऑगस्ट मोजा, १३२ दिवस होतात. वर्षात ६० दिवस आणि त्याआधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात राहिलेला माणूस आयकरासाठी रहिवासी ठरतो. परदेशी नोकरीसाठी निघालेल्या भारतीय नागरिकाला ६०च्या जागी १८२ दिवसांची सवलत आहे, म्हणून ऑगस्टमध्ये नोकरीवर गेलेला मुलगा त्याच वर्षी एनआरआय होतो. लग्न करून एच-४वर जाणं ही काही नोकरी नाही. तेव्हा २०२५-२६साठी तुम्ही रहिवासीच.

बँकेला मात्र फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा लागतो, आणि तो दिवस मोजत बसत नाही. तिकडे राहायला म्हणून गेलात की बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करून घ्यायचं. त्यानंतर बँक एफडीच्या व्याजावर ३१.२ टक्के टीडीएस कापते. हा पैसा रिटर्न भरूनच परत मिळतो.

दुसरी चूक चार लाखांच्या करमुक्त मर्यादेची, ती जास्त महाग पडणारी. गेल्या गेल्या नवऱ्याने तुमचं नाव त्याच्या बँक खात्यात घातलं असेल, बहुतेक घरांत असंच होतं. रहिवाशाचं परदेशात खातं असलं की उत्पन्न चार लाखांच्या आत असलं तरी रिटर्न सक्तीचं आहे. खात्यात तुमचा एक रुपया नसला तरी जोडनाव म्हणजे खातं तुमचंही. रिटर्नचा आयटीआर-१ हा साधा फॉर्म इथे चालत नाही, आयटीआर-२ घ्या. त्यातल्या शेड्यूल एफए या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यामध्ये बँकेचं नाव-पत्ता, खाते क्रमांक, खातं उघडल्याची तारीख, वर्षातली सर्वात मोठी शिल्लक आणि ३१ डिसेंबरची शिल्लक लिहायची. हे वर्ष जानेवारी ते डिसेंबर २०२५ असं धरायचं, मार्चपर्यंतचं नाही. इथे पुष्कळ जण चुकतात. ही माहिती लपवली तर काळा पैसा कायद्याखाली दहा लाखांचा दंड आहे. घरदार सोडून बाकी परदेशी मालमत्ता वीस लाखांच्या आत असेल तर ऑक्टोबर २०२४पासून तो दंड लागत नाही, पण माहिती द्यावीच लागते.

भारतातल्या रिटर्नची मुदत ३१ जुलै २०२६. भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय झालं नाही तर रिटर्न वेळेत भरलं असं धरत नाहीत. आधारचा ओटीपी लातूरच्या सिमवर येतो, म्हणून ते सिम रोमिंग आणि रिचार्जसह चालू ठेवा.

लग्नानंतर कागदपत्रांवरचं नाव बदलावं का, असंही विचारलंत. पॅन, आधार, पासपोर्ट सगळं माहेरच्या नावावर असेल तर रिफंड हातात पडेपर्यंत काही बदलू नका. आधार सासरच्या नावाचं आणि पॅन माहेरच्या नावाचं झालं की दोन्ही जुळत नाहीत आणि रिफंड अडकू शकतो. पॅनवर नवऱ्याचं नाव लागतच नाही, लग्नानंतरही वडिलांचंच राहतं.

आता अमेरिका. तिथलं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. २०२५मध्ये तुमचे तिथले दिवस १४४, म्हणजे १८३च्या आत, म्हणून तिथे तुम्ही अनिवासी. तरीही नवरा वर्षअखेरीला तिथला रहिवासी असल्यामुळे दोघांच्या सहीचं निवेदन जोडून एकत्र रिटर्न भरता येतं. मग तुमचं जानेवारीपासूनचं सगळं उत्पन्न तिथे दाखवावं लागतं. माझ्या मते तुमच्यासाठी हेच फायद्याचं: सात महिन्यांचा पगार साधारण सव्वातीन हजार डॉलर, आणि वजावट मात्र नवऱ्याच्या एकट्याच्या १५,७५० ऐवजी दोघांची मिळून ३१,५०० डॉलर.

शेतीचं उत्पन्न भारतात करमुक्त आहे, तिथे नाही. दिवाळीच्या सुमाराला सोयाबीन आडतीवर घातलं असेल तर ती पट्टी भावाकडून मागवून घ्या. पट्टीवर वजन, भाव, हमाली, तोलाई असं सगळं लिहिलेलं असतं, हाच तुमचा पुरावा. बियाणं, खत, फवारणी, काढणीच्या पावत्याही ठेवा. शेत बटईने असेल तर फक्त तुमचा वाटा धरा.

एच-४वर कामाचा परवाना नसेल तर एसएसएन हा तिथला सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही, त्याऐवजी आयटीआयएन हा करासाठीचा क्रमांक घ्यावा लागतो. त्याचा डब्ल्यू-७ फॉर्म रिटर्नसोबतच पोस्टाने जातो. नोटरीने सही केलेली पासपोर्टची झेरॉक्स चालत नाही आणि अर्ज परत येतो. मूळ पासपोर्ट पाठवायचा नसेल तर अधिकृत एजंटकडून, ज्याला सीएए म्हणतात, तपासून घ्या. फॉर्मवरचं नाव पासपोर्टवरच्याच स्पेलिंगने लिहा. अमेरिकेतल्या रिटर्नची मुदत १५ एप्रिल २०२६.

२०२६मध्ये तिथेच राहिलात तर दिवसांच्या हिशोबानेच तिथल्या रहिवासी व्हाल. मग भारतातली बचत, एफडी, पीपीएफ, एलआयसीचं सरेंडर मूल्य मिळून वर्षात एक दिवस जरी दहा हजार डॉलरवर गेलं तरी एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा अमेरिकेचा फॉर्म, भरायचा. तो रिटर्नसोबत जात नाही, वेगळा ऑनलाइन भरतात. म्युच्युअल फंडाची एसआयपी असेल तर आत्ताच थांबवा. तिथे प्रत्येक फंडासाठी वेगळा, किचकट फॉर्म लागतो.

पुढे बाळंतपणाला माहेरी याल तेव्हा एप्रिल ते मार्च या वर्षात १८२ दिवस भरू देऊ नका, भरले की पुन्हा भारतात रहिवासी. आल्या-गेल्याच्या तारखा वहीत लिहा आणि बोर्डिंग पास जपून ठेवा.