डबा घंटागाडीत गेला, तिथून सुरुवात करू

प्रश्न (चार पानी पत्रातून थोडक्यात): मॅडम, मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. मुलगी कोल्हापुरात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सीजीपीए 6.9, फ्लुइड मेकॅनिक्समध्ये एटीकेटी. उन्हाळ्यात तिने गोकुळ शिरगावच्या एका व्हॉल्व्ह कारखान्यात इंटर्नशिप केली आणि तेव्हापासून तिचं डोकं फिरल्यासारखं झालंय. दोन पायपांच्या मध्ये बसणाऱ्या व्हॉल्व्हमधलं रबर जागेवर कसं धरून ठेवायचं, हाच विषय तिने प्रोजेक्टला घेतलाय. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मैत्रिणीशी ‘खाचेचा कोन 66 ठेवू का’ अशा गप्पा चालतात. घरात फाटक्या रबरी रिंगा गोळा करून ठेवते, त्यांना चिठ्ठ्या बांधते. रागाच्या भरात तो डबा मी घंटागाडीत टाकला, तेव्हापासून माझ्याशी मोजकंच बोलते. डिग्री झाल्यावर तोच कारखाना 18 हजारांवर घ्यायला तयार आहे. वॉशर बसवायला इंजिनिअर कशाला लागतो? शिवाय पाइपलाइनवर मुलगी कशी जाणार? तिचा मामेभाऊ हिंजवडीत आहे. पुण्यात 80 हजारांचा जावाचा कोर्स आहे. कोणता कोर्स चांगला आणि तिची समजूत कशी काढावी?

उत्तर:

सर, कोर्सचं नंतर बघू. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा डब्याच्या वाक्यापाशी अडले. तुम्ही ते जाता जाता लिहून टाकलंय, पण अख्ख्या पत्रात मला काळजी वाटली ती तिथेच. 6.9 ची नाही वाटली, एटीकेटीचीही नाही.

तुमच्या वर्गातल्या एखाद्या पोराने वर्षभर दगड गोळा केले, प्रत्येकावर कुठे सापडला ते लिहून ठेवलं आणि बापाने ते उकिरड्यावर फेकले, तर तुम्ही त्या बापाला शाळेत बोलावून घेतलं असतं. घरी मात्र तेच तुमच्या हातून झालं. मुलगी वीस-एकवीस वर्षांची आहे. ती रडली नाही, भांडली नाही, फक्त बोलणं कमी केलं, असं तुम्हीच लिहिता. मला हे भांडणापेक्षा जास्त गंभीर वाटतं. भांडणारं मूल अजून तुमच्याकडून काही अपेक्षा ठेवून असतं.

सोबतच्या कागदावर तुम्ही तक्रार म्हणून तिची एक चिठ्ठी उतरवून पाठवलीत: ‘150 मिमी, उघडताना निघाली, तिसरी वेळ.’ तुम्हाला त्यात वेडेपणा दिसला. मी नऊ वर्षं पंप आणि व्हॉल्व्हच्या सर्व्हिस विभागात काम केलंय. मला त्यात एक इंजिनिअर दिसली. साइटवरून येणाऱ्या शंभर तक्रारींत ‘रबर खराब आहे’ एवढंच लिहिलेलं असतं. व्हॉल्व्ह बंद करताना रबर निघालं की उघडताना, हे कुणी विचारत नाही. हिने विचारलं आणि लिहूनही ठेवलं. निम्मं निदान त्या एका शब्दात आहे.

कसं, ते सांगते, कारण ‘वॉशर बसवायला इंजिनिअर कशाला’ हा समज तुमच्या एकट्याचा नाही, कितीतरी इंजिनिअरांचाही आहे. लोकांना वाटतं, खाच पाडली, रबर बसवलं, काम झालं. गळायला लागलं तर रबर बदला. आता बघा. व्हॉल्व्ह बंद असतो तेव्हा दाबाखालचं पाणी हळूहळू रबराच्या मागे, खाचेच्या तळाशी शिरून बसतं. व्हॉल्व्ह किंचित उघडला की फटीतून पाणी जोरात धावतं आणि रबराच्या पुढचा दाब एकदम पडतो. मागे अडकलेला दाब मात्र तिथेच असतो. तो रबराला आतून बाहेर ढकलतो, वरून धावतं पाणी त्याची कड ओढतं. रबर कितीही चांगलं असलं तरी निघणारच. म्हणून खाचेच्या भिंती आत कललेल्या ठेवतात, तळ रुंद आणि तोंड अरुंद. तो 66 अंशांचा कोन हाच. तोंड फार अरुंद केलं तर रिंग बसवतानाच पिळवटते किंवा चिरते. कडा धारदार राहिली तर रबर कापते आणि जास्त गोल केली तर तोंड उघडं पडून रिंग बाहेर येते. शिवाय रबर दाबलं तरी त्याचं आकारमान जवळपास कमी होत नाही, ते फक्त दुसरीकडे सरकतं. त्यामुळे खाच गच्च भरूनही चालत नाही, फुगायला मोकळी जागा सोडावी लागते. हे सगळं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शात बसवायचं, तेही कास्टिंग आणि लेथ दोन्हीकडून थोडी चूक येणार हे धरून. रात्री दोन वाजेपर्यंत बोलण्यासारखा विषय आहे, सर.

ओ-रिंग, म्हणजे खाचेत बसणारी रबराची गोल कडी, आज पानपट्टीसारखी सगळीकडे मिळते. पण ती ज्याने चालवून दाखवली, तो डेन्मार्कमधून अमेरिकेत गेलेला नील्स क्रिस्टेन्सन नावाचा माणूस 1937 साली पेटंटचा अर्ज करताना सत्तरी ओलांडलेला होता. 1939 मध्ये त्याला पेटंट मिळालं. रबराच्या कड्या त्याच्या आधीही होत्या. कडी आणि तिची खाच मिळून एकच वस्तू आहे, हे त्याने जुळवून दाखवलं. तुमच्या मुलीचा प्रोजेक्ट त्याच रेषेवर आहे.

माझ्या नोकरीतलीच एक गोष्ट. एका नगरपालिकेच्या पंपहाउसमध्ये 400 मिमीचा बटरफ्लाय व्हॉल्व्ह होता. हा व्हॉल्व्ह दोन फ्लँजांच्या, म्हणजे पायपांच्या टोकांवरच्या रुंद कड्यांच्या, मध्ये बोल्टांनी आवळलेला असतो आणि आतलं रबरी अस्तर दोन कामं करतं: मधली चकती बंद झाली की पाणी अडवतं आणि दोन्ही बाजूंच्या फ्लँजांच्या सांध्यातून गळू नये म्हणून गॅस्केटचं कामही तेच करतं. वर्षभरात तीन अस्तरं फाटली. दर वेळी पुरवठादाराने रबर बदलून दिलं. मी गेले तेव्हा तिथल्या व्हॉल्व्हमनशी बोलले. तो म्हणाला, ‘मॅडम, लाइट गेली की दुसऱ्या दिवशी हे होतंय.’ बाकी कुणी त्याला काही विचारलंच नव्हतं. वीज गेली की पंप एकदम थांबायचा, पुढच्या पायपातलं पाणी आपल्या वेगाने पुढे निघून जायचं आणि व्हॉल्व्हपाशी क्षणभर पोकळी तयार व्हायची. नुसतं बसवलेलं अस्तर त्या ओढीने आत फुगायचं आणि नंतर फिरणारी चकती त्याला धरून फाडायची. रबर बदलून काय होणार? धातूच्या कड्यावर पक्कं चिकटवलेली सीट (चकती जिच्यावर टेकून पाणी अडवते ते रबर) असलेला व्हॉल्व्ह बसवला, तेव्हा कुठे थांबलं. तोवर त्या गावाने तीन वेळा दोन-दोन दिवस टँकरचं पाणी प्यायलं होतं. वॉशरचं काम म्हणतात ते हे.

आता तुम्हाला न आवडणारं बोलते. तुम्ही समजूत कशी काढावी म्हणून विचारलंत. काढू नका. मुलीला काय वाटतं याबद्दल तुमच्या चार पानांत एक ओळ नाही. मामेभावाचं पॅकेज आहे, शेजाऱ्यांच्या मुलाची पोस्टिंग आहे, तुमच्या कर्जाचा हप्ता आहे. ती काय म्हणते ते कुठेच नाही. हप्त्याची चिंता खरी आहे, ती मी हलक्यात घेत नाही. पण ती तिच्यापुढे मोकळेपणाने मांडा. ‘घराला अमुक तारखेपर्यंत अमुक रक्कम लागेल’ असं सांगितलं तर ती स्वतः हिशोब करेल. ‘वॉशरवाली होणार का’ असं म्हटलं तर ती फक्त दार लावून घेईल.

आयटीबद्दल माझा आकस नाही. ज्याला त्यात गोडी आहे त्याने जरूर जावं. पण ज्या मुलीने स्वतःहून एक अवघड प्रश्न पकडलाय, तिला तो सोडायला लावून 80 हजार भरून जावा शिकवणं म्हणजे पैसेही घालवणं आणि मुलगीही. जावाचा कोर्स करू नका, हे माझं स्पष्ट मत. गेट, एम.टेक., एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा हे रस्ते तिला माहीत असतील. त्यांवर मी जागा घालवत नाही.

साइटवर मुलगी कशी जाणार, हा प्रश्न तुम्ही ओझरता, एका ओळीत लिहिलात. मला वाटतं खरा प्रश्न हाच आहे आणि तो विचारायला तुम्हाला संकोच वाटला. मी गेले आहे, त्यामुळे सांगते. पंपहाउसला बायकांसाठी स्वच्छतागृह नसतं, हे खरं. रात्री उशीर होतो. ठेकेदाराचा माणूस आधी माझ्या मागे उभ्या असलेल्या हेल्परशी बोलायचा, मग माझ्याशी. आता थोडं सुधारलंय, पुरतं नाही. यावर उपाय साइट टाळणं हा नव्हे. जी डिझायनर साइटवर जात नाही, तिला ‘उघडताना निघाली’ हे कधीच कळत नाही. नोकरी घेताना तिने विचारून घ्यावं की गाडी कोण देणार, सोबत कोण असणार, मुक्काम कुठे. चांगले कारखाने या प्रश्नांवर चिडत नाहीत.

मुलीसाठीही दोन शब्द, कारण हे ती वाचेल असं मला वाटतं. फ्लुइड मेकॅनिक्सची एटीकेटी तुझ्या विषयात शोभत नाही. पाणी रबराच्या मागे का शिरतं आणि पुढे दाब का पडतो, हे त्याच पेपरात आहे. तो आधी काढ, आणि चाळिसात नको, नीट काढ. दुसरं, 18 हजारांना भुलू नकोस आणि घाबरूही नकोस. या क्षेत्रात पहिली तीन-चार वर्षं पगार सावकाश वाढतो. पण होकार देण्याआधी बघ की कारखान्यात स्वतःचा टेस्ट बेंच आहे का. व्हॉल्व्हच्या बॉडीला ठरलेल्या दाबाच्या दीडपट आणि सीटला 1.1 पट दाब देऊन तपासतात, तो तपास तुझ्या डोळ्यांसमोर होतो का? तुझ्या ड्रॉइंगवर सही कोण करतो आणि तो तुला ‘का’ म्हणून विचारू देतो का? तिथे फक्त जुनी ड्रॉइंगं कॉपी करायला बसवणार असतील तर 25 हजारांनाही जाऊ नकोस. तिसरं, रबराशी ओळख वाढव. तुझ्या बोलण्यात खाच भरपूर आहे, रबर कमी. पाण्याला चालणारं ईपीडीएम जातीचं रबर तेलात फुगतं आणि मग तू सोडलेली मोकळी जागा पुरत नाही. नायट्राइल रबर तेलात टिकतं. एवढं कळलं तरी पुढचे प्रश्न आपोआप सुचतील. पुढे मन लागलं तर आयआयटी खरगपूरला रबर टेक्नॉलॉजीचं स्वतंत्र केंद्र आहे. मेकॅनिकलची माणसं तिकडे फारशी वळत नाहीत. खाच आणि रबर दोन्ही कळणारा माणूस व्हॉल्व्ह कारखान्याला सहज मिळत नाही, म्हणून सुचवते.

सर, पुन्हा तुमच्याकडे येते. डबा परत येणार नाही. पण त्या कारखान्याच्या भंगाराच्या कोपऱ्यात तशा फाटक्या सिटा ढिगाने पडलेल्या असतात. तिला विचारून एखाद्या शनिवारी तिच्याबरोबर गोकुळ शिरगावला जा. हायड्रो टेस्ट चालू असेल तेव्हा जा. व्हॉल्व्ह बंद करून एका तोंडाकडून पाणी भरतात, दुसरं तोंड उघडं ठेवतात, पंपाचा काटा वर चढत जातो, सगळे जण गप्प उभे राहून सीटच्या कडेकडे बघत असतात. एक थेंब दिसला की व्हॉल्व्ह बाजूला. ती कुठे बघते तिकडे तुम्हीही बघा. मग भंगारातून तिला हव्या त्या सिटा उचलू द्या आणि पिशवी तुम्ही धरा. माफी शब्दांत मागितली तर उत्तमच.

आणि यापुढचं पत्र तिने स्वतः लिहावं. कोर्स, नोकरी, एम.टेक. काय ते मी तिच्याशीच बोलेन. त्या 150 मिमीच्या सीटचं पुढे काय झालं तेही तिने कळवावं. तिसऱ्या वेळी निघाल्यावर तिने खाचेत काय बदललं, आणि चौथ्यांदा व्हॉल्व्ह उघडला तेव्हा ती जागेवर राहिली का?