दोन उपकरणांनी एकाच वेळी पाठवलं तर होणारी टक्कर वायफायला ओळखता येत नाही, मग ती टाळतात कशी?
स्वतः पाठवत असताना रेडिओला दुसऱ्याचा क्षीण सिग्नल ऐकू येत नाही, म्हणून जुन्या इथरनेटसारखं टक्कर पकडून थांबणं इथे जमत नाही. मूळ पद्धतीत ५ गिगाहर्ट्झवर चॅनेल ३४ मायक्रोसेकंद मोकळं दिसलं की उपकरण ० ते १५ मधला कुठलाही आकडा निवडतं, ९ मायक्रोसेकंदांच्या स्लॉटगणिक (वेळेच्या तुकड्यागणिक) एकेक उतरवतं आणि शून्य झालं की पाठवतं. मध्येच कुणी बोललं तर मोजणी तिथेच गोठते. पोचपावती आली नाही तर कमाल आकडा ३१, ६३ असा १०२३ पर्यंत वाढतो.

खरी डोकेदुखी म्हणजे राउटरला ऐकू येणारी, पण एकमेकांना न ऐकू येणारी दोन उपकरणं. दोघांनाही चॅनेल मोकळंच वाटतं. उपाय: आरटीएस थ्रेशोल्ड, म्हणजे ज्याहून मोठी फ्रेम (डेटाचं पाकीट) पाठवण्याआधी परवानगी मागितली जाते ती मर्यादा, ५०० बाइटच्या आसपास आणा, पण त्या उपकरणांवर. राउटरने दिलेली परवानगी दुसऱ्यालाही ऐकू येते आणि ते थांबतं. बरेच जण तो राउटरवरच बदलतात, आणि त्याने फक्त राउटरच्या फ्रेम बदलतात.