पद्मिनीत नवं कार्पेट टाकण्याआधी एक पावसाळा पत्रा उघडा ठेवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: वडिलांची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी गाडी रत्नागिरीत घरी उभी आहे. जुन्या कार्पेटला कुबट वास येतोय, ड्रायव्हरच्या पायाखाली पत्र्यावर तांबेरा दिसतोय. सीटवाला म्हणतोय, मृग लागायच्या आत नवं फोमवालं कार्पेट सोल्यूशनने चिकटवून देतो. हातात तीन आठवडे आहेत, तर करून घ्यावं का?

जुनं कार्पेट आजच काढा. नवं मात्र दिवाळीला टाका. मधला पावसाळा पत्रा रंगवून, वर नुसती सुटी रबरी मॅट टाकून काढा. हे कुणाला पटत नाही, कारण गाडी आतून उघडीवाघडी दिसते आणि आवाजही वाढतो. पण पाणी कुठून येतंय हे पावसाशिवाय कुणी सांगू शकत नाही, आणि कार्पेट टाकल्यावर पाऊसही सांगत नाही.

एवढा आग्रह धरायचं कारण सांगतो. पद्मिनी म्हणजे मूळची १९५३ साली इटलीत आलेली फियाट ११००. तिला वेगळी चासी, म्हणजे खालची लोखंडी चौकट, नाही. तळाचा पत्रा, दाराखालचे लांब पोकळ खोके आणि खालच्या आडव्या पट्ट्या मिळूनच तिचा सांगाडा होतो. गाडी जॅकवर घेतल्यावर दार घासायला किंवा अडायला लागलं, तर त्या खोक्यांत गंज शिरलाय असं समजा आणि कार्पेटचा विचार बाजूला ठेवून आधी वेल्डरकडे जा.

माझ्या पहिल्या पद्मिनीत एका गॅरेजने गंजावरच डांबर फासून वर तागाचं फेल्ट आणि कार्पेट चिकटवून दिलं होतं. दिसायला झकास होतं. दोन पावसाळ्यांनी पायाखाली ओल लागली म्हणून कोपरा उचलला, तर स्क्रूड्रायव्हर पत्र्यातून आरपार गेला. डांबर वरून शाबूत होतं, खाली पत्रा उरला नव्हता. तागाचं फेल्ट पाणी धरून ठेवतं, आणि कोकणात दमट हवेबरोबर मीठही येतं. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे पाऊस नसतानाही पत्रा पुरता सुकत नाही. म्हणून कार्पेट काढल्यावर पहिलं काम म्हणजे पत्रा गोड्या पाण्याने धुणं. लोक थेट ग्राइंडर हातात घेतात आणि मीठ आहे तिथंच राहतं.

धुऊन, उन्हात दारं उघडी टाकून वाळवा. आवाज दाबायला पत्र्यावर चिकटवलेल्या जुन्या डांबराच्या चकत्या हीट गनने मऊ करून पटाशीने उचला. पेट्रोल वापरू नका, बंद गाडीत त्याची वाफ साचते. मग स्क्रूड्रायव्हरने सगळीकडे टोचून बघा: पेडलखालचे कोपरे, सीटच्या रेलखाली, पत्र्याचे जोड. जिथं पत्रा दबतो तिथला सडका भाग कापून नवा तुकडा वेल्ड करावा लागतो. एम-सील किंवा फायबर लावून भोक दिसेनासं होतं, ताकद येत नाही. वेल्डिंगआधी बॅटरी काढून ठेवा, पेट्रोलचा पाइप कुठून जातो ते स्वतः बघा आणि पाण्याची बादली जवळ असू द्या.

वरवरच्या गंजावर वायरब्रश मारा, सुटं काही ठेवू नका. राहिलेल्या खड्ड्यांत फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंज थोपवणारं द्रावण, लावा. लाल गंज काळा पडतो. किती वेळ ठेवायचं, धुवायचं की नाही, हे त्या डब्यावर लिहिलेलं असतं, तसंच करा. ॲसिड राहिलं तर वरचा प्रायमर धरत नाही.

प्रायमर दोन डब्यांतलं मिसळून लावायचा इपॉक्सीच घ्या. आपल्याकडे सर्रास रेड ऑक्साइड, म्हणजे लाल प्रायमर, मारून सोडून देतात, पण त्याचा थर पाणी शोषतो. वर रंग नसेल तर एका पावसाळ्यात खालून गंज पुन्हा फुलतो. इपॉक्सीचे दोन हात दुपारी, हवा त्यातल्या त्यात कोरडी असताना द्या. मास्क लावा, दारं उघडी ठेवा. पत्र्याच्या जोडांवर सीम सीलर, म्हणजे फटी बुजवायचं लुकण, लावायचं ते इपॉक्सी सुकल्यावर, कोऱ्या पत्र्यावर नाही. हार्डवेअरच्या दुकानातलं व्हिनेगरसारख्या वासाचं सिलिकॉन तर मुळीच नको. सुकताना त्यातून आम्ल सुटतं आणि लोखंडाला तेच नको असतं. शेवटी वर रंग. तळाची भोकं बुजवणारी रबरी बुचं कडक झाली असतील तर नवी घाला. दाराखालच्या खोक्यांत लांब नळीने मेण फवारून घ्या, पण त्यांची खालची पाणी जायची भोकं उघडी राहिली पाहिजेत.

आता पाणी. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून बागेचा पाइप धरायचा. खालून सुरुवात करून हळूहळू वर जा, एकेका जागी पाच मिनिटं थांबा. वरून सुरू केलं तर सगळीकडूनच पाणी येतंय असं वाटतं. पत्र्यावर आधी टाल्कम पावडर भुरभुरवा, ओघळाची वाट स्पष्ट उमटते. समोर ओल असेल तर पुढच्या काचेचं रबर, मागे असेल तर दाराचं रबर आणि दाराच्या तळाशी पानं-माती अडकून बुजलेली भोकं, हे माझे पहिले संशयित. काचेचं रबर चाळीस वर्षांचं असेल तर ते बदलाच. त्याचा खर्च कार्पेटच्या खर्चाआधी धरा.

अनंत चतुर्दशीपर्यंत मॅट उचलून बघत राहा. पत्रा कोरडा राहिला की कार्पेट घ्या. खाली तागाऐवजी पाणी न शोषणारा बंद पेशींचा फोम, आणि कार्पेट चिकटवायचं नाही. कडा दाराच्या पट्ट्यांखाली दाबायच्या, बाकी वेल्क्रो. पत्र्यात नवे स्क्रू मारू देऊ नका. कार्पेटखाली प्लॅस्टिकचा कागद घालायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. तो ऐकू नका, दमट हवेतलं पाणी त्याच्या खालच्या बाजूला जमतं आणि बाहेर पडायला वाट राहत नाही.

कार्पेट काढल्यावर पेडलखालच्या दोन्ही कोपऱ्यांचे आणि सीटच्या रेलखालचे फोटो टाका, टोचून झाल्यावरचे. वेल्डिंग लागेल का ते बघून सांगतो.