आधी आवाजामागे जा

प्रिय मुली,

वेताळ टेकडीवरून पाठवलेली तुझी यादी पाहिली. एका फेरीत बावीस पक्षी, आणि सगळे मर्लिन ॲपने आवाजावरून ओळखलेले. ॲप चांगलंच आहे, मीही वापरतो. पण यादीत शिक्रा हा शिकारी पक्षी आहे, आणि त्याच वेळी समोरच्या तारेवर कोतवाल बसला होता असं तूच लिहितेस. कोतवाल शिक्र्याची नक्कल बेमालूम करतो. शिक्रा आला समजून साळुंक्या उडाल्या की त्यांनी टाकलेला किडा पळवायला हा मोकळा, असं जाणकार मानतात. तेव्हा त्या नावापुढे तूर्त प्रश्नचिन्ह टाक. आणि बावीसपैकी किती जणांना बोलताना डोळ्यांनी पाहिलंस, ते मला कळव.

मला विचारशील तर कान तयार व्हायचा रस्ता एकच. आवाज आला की त्याच्यामागे जायचं, आणि तो काढणारा पक्षी दिसेपर्यंत दुसऱ्या आवाजाकडे वळायचं नाही. सकाळभरात एकच हाती लागला तरी पुष्कळ झालं. शिंप्यापासून सुरू कर. कुंपणाच्या मेंदीत 'टुविट टुविट टुविट' असा धोशा चाललेला असतो. त्या आवाजाच्या मानाने आपण चांगला साळुंकीएवढा पक्षी शोधत राहतो, आणि निघतो तो चिमणीहूनही लहान, शेपटी उभारलेला. अशी एकदा फजिती झाली की शिंपी कायमचा पाठ.

तांबट जास्त छळेल. 'टुक टुक टुक', तांबट आळीत भांड्यावर ठोके पडावेत तसा, मिनिटाला शंभराच्या वर. पण हाक देताना तो मान इकडून तिकडे वळवतो, त्यामुळे आवाज घटकेत या झाडातून, घटकेत त्या झाडातून आल्यासारखा वाटतो. शिवाय चोच मिटलेलीच, नुसता गळा फुगतो. वड-पिंपळाच्या शेंड्याकडच्या उघड्या फांद्या दुर्बिणीने चाळत राहा. कंटाळा आला तरी राहा.

वहीत 'गोड', 'मंजुळ' असलं काही लिहू नकोस, त्याचा ओळखायला शून्य उपयोग. आवाज चढतो की उतरतो, तुटक आहे की सलग, संपतो कसा, हे लिही. कोकीळ आणि पावशा घे. दोघंही चढत जातात, म्हणून नवखे गोंधळतात. कोकिळाचं 'कुऊ' दोन तुकड्यांचं. पावशाचं 'पेर्ते व्हा' तीन तुकड्यांचं, दर वेळी वरच्या पट्टीत, अगदी किंचाळण्यापर्यंत जातं, एकदम तुटतं, आणि थोड्या वेळाने पुन्हा खालून सुरू. पेरणीची घाई असलेल्या शेतकऱ्यांनी हे ऐकण्याचं काम आपल्यासाठी कधीच करून ठेवलंय.

ही दोघं सध्या फारशी बोलायची नाहीत, आणि म्हणूनच माघात सुरुवात कर असं माझं म्हणणं आहे. बहुतेक मंडळी एप्रिल-मेमध्ये कान उघडतात. तेव्हा जो तो गात असतो आणि कशाचा कशाला मेळ लागत नाही. गाणं मुख्यतः नराचं, हद्द सांगायला आणि मादीला बोलवायला. त्याचा हंगाम विणीचा. साध्या हाका मात्र नर-मादी दोघंही वर्षभर देतात. थंडीत पाहुणे आलेले वटवटे आपल्याकडे बहुधा हाकांवरच भागवतात. झुडपात नुसतं 'चक्' झालं की ब्लाइथचा बोरू वटवट्या आहे का बघ. हे आता बसवलंस, की पुढे दयाळ रंगात येईल, मग सुभग, मग कोकीळ. एकेक जण भर घालत जाईल आणि तुला प्रत्येक नवा गडी वेगळा ऐकू येईल.

सातभाई, बुलबुल आणि खारी एकाच झुडपाभोवती कल्ला करायला लागल्या तर ओळखणं-बिळखणं सोड. आत साप, मांजर किंवा पिंगळा असणार. लांबूनच बघ.

न कळलेला आवाज फोनवर रेकॉर्ड कर आणि शेवटी तारीख, वेळ, झाड की झुडूप हे बोलून ठेव. घरी येऊन झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या वेबसाइटवर ताडून पाहा. शक्यतो सह्याद्रीतली रेकॉर्डिंग निवड, कारण काही पक्ष्यांची बोली प्रदेशागणिक बदलते.

आणि एक गोष्ट सक्त. रानात पक्ष्याला त्याचाच आवाज वाजवून दाखवायचा नाही. नराला वाटतं, हद्दीत दुसरा शिरलाय. तो खाणं, घरटं सगळं टाकून भांडायला येतो, आणि समोर कोणी नसतंच. पावसाळ्याच्या तोंडावर नवरंगाचा फोटो मिळावा म्हणून हा प्रकार चालतो, मी पाहिलाय. तुझ्या ग्रुपमध्ये कुणी स्पीकर बाहेर काढला तर बंद करायला सांग, माणूस वयाने कितीही मोठा असला तरी. ऐकलं नाही तर तू तिथून निघ आणि मला फोन कर.

तुझा,
काका