उजेड दिसेनासा होतो तेव्हा कोणते पान उघडावे?

प्रश्न : गेल्या वर्षभरात आमच्या घरात एकापाठोपाठ दोन मृत्यू झाले. मी लहानपणापासून पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचत आलो आहे; परंतु आता ते उघडले की अक्षरे दिसतात, अर्थ आत उतरत नाही. प्रार्थनेला बसलो तर शब्द सुचत नाहीत. मंडळीतील (चर्चमधील) माणसे प्रेमाने म्हणतात, ‘प्रभू प्रकाश आहे, आनंद करा’. ते ऐकून मला अधिकच एकटे वाटते. माझा विश्वास आटला आहे का? उजेड मिळावा म्हणून शास्त्रात नेमके कोठून वाचायला सुरुवात करावी?

उत्तर : स्तोत्र ८८ पासून सुरुवात करा, असे मी सुचवले तर तुम्हाला नवल वाटेल, कारण बायबलमधल्या स्तोत्रसंहितेच्या दीडशे स्तोत्रांत इतके काळोखे स्तोत्र क्वचितच सापडेल. बहुतेक विलापस्तोत्रे रडत सुरू झाली तरी शेवटी कोठेतरी भरवशाच्या ओळीवर येऊन टेकतात. हे अठरा वचनांचे स्तोत्र मात्र तेथवर पोहोचतच नाही, आणि मूळ हिब्रूत त्याचा अखेरचा शब्दच ‘अंधार’ असा आहे. ज्यांनी पिढ्यानुपिढ्या ही स्तोत्रे जपली, त्यांना ते गाळता आले असते, किंवा त्याला शेवटी दिलाशाची एखादी ओळ जोडता आली असती; त्यांनी यांपैकी काहीही केले नाही. तक्रारीचा शब्दन्‌ शब्द देवाला उद्देशून आहे, एवढाच काय तो त्यातला उजेड. ज्याचा विश्वास खरोखर आटला आहे, तो देवाकडे तक्रार घेऊन जात नाही. तो जाणेच सोडून देतो. तुम्ही अजून प्रार्थनेला बसता आहात. शब्द सुचत नसतील, तर हेच शब्द उसने घ्या. ते त्यासाठीच लिहून ठेवलेले आहेत. आमच्या घरी दीर्घ आजारपण होते तेव्हा मी रात्री हेच एक स्तोत्र वाचत असे आणि समासात पेन्सिलीने तारीख टाकत असे. पुढे कित्येक दिवस त्या पानावर तारखांखेरीज माझे स्वतःचे असे काही उमटले नाही.

‘आनंद करा’ म्हणणाऱ्यांवर रागावू नका. बायबलमधल्या दुःखाने खचलेल्या ईयोबाचे मित्रही सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून राहिले, आणि त्यांनी केलेले सर्वांत चांगले काम तेच होते. बिघडले ते त्यांनी तोंड उघडल्यानंतर.

आता उजेडाविषयी. देवाचे वचन पावलांसाठी दिवा आहे, असे स्तोत्र ११९ मध्ये म्हटले आहे, आणि ते वाचताना आपल्या डोळ्यांपुढे विजेचा लखलखाट येतो. त्या काळचा दिवा म्हणजे तळहातावर मावेल एवढी मातीची पणती. तिच्या उजेडात पुढची एक-दोन पावले दिसत, रस्त्याचे वळण नव्हे. तुम्ही मात्र, मला वाटते, वळणापलीकडचे दिसावे म्हणून शास्त्र उघडता आहात आणि ते दिसत नाही म्हणून स्वतःलाच दोष देता आहात.

पावलापुरताही उजेड नसेल तर काय करावे, हे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या २७ व्या अध्यायात वाचा. प्रेषित पौलाला कैदी म्हणून रोमकडे नेणारे गलबत वादळात सापडते. पुष्कळ दिवस सूर्य दिसत नाही, तारे दिसत नाहीत, आणि ज्या काळी दिशा त्यांच्यावरूनच ठरवायची, त्या काळी याचा अर्थ आपण कोठे आहोत हेही कळत नाही, असाच होतो. चौदाव्या रात्री मध्यरात्रीच्या सुमारास खलाशांना जमीन जवळ आल्याचा अंदाज येतो. ते बुडीद, म्हणजे पाण्याची खोली मोजण्याचे वजन, टाकून पाहतात तेव्हा पाणी वीस वाव भरते, थोडे पुढे गेल्यावर पंधरा. मग ते गलबताच्या मागच्या बाजूने चार नांगर टाकतात आणि दिवस उजाडण्याची वाट पाहतात. कोणी धावाधाव करून किनारा गाठण्याचा प्रयत्न करत नाही. काही खलाशी होडी उतरवून पळू पाहतात, त्यांना अडवले जाते. पहाटेपूर्वी पौल उठतो, भाकर घेतो, सर्वांदेखत देवाचे आभार मानतो, ती मोडतो आणि खाऊ लागतो. तेव्हा कोठे बाकीच्यांनाही धीर येतो. २७६ माणसे जेवतात, आणि बाहेर अजून अंधारच आहे. सकाळी गलबत फुटते, माणसे वाचतात.

एलीया या संदेष्ट्यालाही, मरण मागून रतामाच्या झुडपाखाली झोपी गेल्यावर, देवदूताने उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवले, आणि तो पुन्हा झोपला तेव्हा पुन्हा उठवून खायला सांगितले. म्हणून विचारतो : तुम्ही वेळेवर जेवता का, झोप लागते का? अनेक आठवडे झोप आणि भूक दोन्ही गेलेली असतील, किंवा जगू नये असे वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नका. औषध घेणे म्हणजे विश्वास कमी पडणे, असा समज आपल्या मंडळ्यांमध्ये आढळतो, तो मला मुळीच मान्य नाही.

स्तोत्र ८८ पुरेसे वाचून झाले, की शास्त्रातल्या विलापगीत या पुस्तकाचा तिसरा अध्याय घ्या. देवाची दया दररोज सकाळी नवी होते, हे वचन भिंतीवर टांगलेले आपण पाहतो. ते यरुशलेमेच्या नाशानंतरच्या, ख्रिस्तपूर्व ५८६ च्या सुमाराच्या आकांतातून आलेले आहे, आणि ‘त्याने मला उजेडात नव्हे, अंधारात चालवले’ अशी त्या अध्यायाची सुरुवात आहे. तेविसाव्या वचनाकडे उडी मारू नका. पहिल्या वचनापासून, लागतील तितके दिवस घेऊन, तेथवर चालत जा.

प्रश्न : मन अस्वस्थ असताना डोळे मिटून बायबल उघडावे आणि बोट पडेल ते वचन देवाचा संदेश समजावे, हे योग्य आहे का?

उत्तर : अशा रीतीने एखाद्याला धीर मिळाला असेल, तर मी तो काढून घेणार नाही, परंतु सवय म्हणून ही पद्धत घातक आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात सैतानही येशूला मंदिराच्या शिखरावर नेऊन स्तोत्र ९१ मधलेच वचन ऐकवतो. वचन खरेच होते. त्याला त्याच्या जागेवरून उपटून घेतले होते. बोट पडले ते वचन ठेवा, पण त्याच्या मागचा आणि पुढचा अध्याय वाचल्याशिवाय त्यावरून कोणताही निर्णय घेऊ नका.